धरणभर चहा आणि आठवीचा वर्ग

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. दिवाळीनंतर आमची सहल कोयनानगरला गेली होती. परतल्यावर वर्गात धरणाविषयी बोलत असताना एका मुलाने विचारले, ‘‘बाई, कोयनेच्या सगळ्या पाण्याचा चहा करायचा ठरवला तर साखर किती लागेल? आणि उकळायला वेळ किती लागेल?’’ वर्ग खो-खो हसला. तास संपत आला होता, म्हणून ‘‘फालतू प्रश्न नकोत’’ असे म्हणून मी त्याला खाली बसवले. तेव्हापासून त्याने एकदाही हात वर केलेला नाही. आणखी एका मुलीने ‘पृथ्वीला आरपार विहीर खणली आणि तिच्यात उडी मारली तर काय होईल?’ असे वहीत लिहून दिले आहे. तिलाही मी अजून उत्तर दिलेले नाही. सहकारी म्हणतात की अशा प्रश्नांना दाद दिली की वर्ग हाताबाहेर जातो आणि अभ्यासक्रम मागे पडतो. माझी खरी अडचण अशी की या प्रश्नांची उत्तरे मलाच येत नाहीत. मी काय करावे?

उत्तर : बाई, तुमच्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न पूर्ण एक तास देण्याच्या योग्यतेचा आहे, आणि तो तास अभ्यासक्रमाच्या बाहेरचाही ठरणार नाही, कारण आठवीच्या पुस्तकातला उष्णतेच्या मापनाचा धडा त्या प्रश्नाच्या पोटातच आहे. तुम्ही सल्ला मागितला आहे. पण उत्तर हाती नसताना नुसता सल्ला देऊन तुमचा काहीच फायदा होणार नाही. म्हणून आधी चहा करू आणि मग वर्गाचे पाहू.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे, हे तुमच्या जिल्ह्यातल्या मुलांना पावसाळ्यातल्या बातम्या ऐकून पाठ असते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे भरलेल्या धरणात जवळजवळ ३ लाख कोटी लिटर पाणी मावते. आपल्याकडे चहा करताना एका कपाला साधारण शंभर मिलिलिटर पाणी, त्याच्या निम्मे दूध, दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर आणि दोन ग्रॅम चहा पावडर घेतली, तर एकूण ३० लाख कोटी कप होतील. देशातल्या १४० कोटी लोकांत वाटले तर दर माणशी २१ हजारांहून अधिक कप येतात. सकाळी एक आणि दुपारी एक असे ते पीत राहिले तर हा चहा संपायला २९ वर्षे लागतील.

आता साखर. ३० लाख कोटी कपांना दहा ग्रॅमप्रमाणे ३० कोटी टन साखर लागते. भारतात वर्षाला साधारण ३ कोटी टन साखर तयार होते, म्हणजे देशातल्या सगळ्या कारखान्यांचा दहा वर्षांचा गाळप हंगाम या एका चहात विरघळेल. चहा पावडर ६ कोटी टन लागेल. आसामपासून निलगिरीपर्यंतचे सगळे मळे मिळून वर्षाला सुमारे १३५ कोटी किलो चहा देतात, तेव्हा ती जमवायला चाळीसहून अधिक वर्षे जातील. दुधाची स्थिती त्या मानाने बरी आहे. लागणारे दूध दीड लाख कोटी लिटर, म्हणजे सुमारे १५० कोटी टन आहे आणि देशाचे वार्षिक उत्पादन २४ कोटी टनांच्या आसपास आहे, तेव्हा सहा वर्षांचे दूध पुरते.

इथे वर्गातले कोणीतरी थांबवील, आणि थांबवावे अशीच माझी इच्छा आहे. धरण काठोकाठ भरलेले असताना दीड लाख कोटी लिटर, म्हणजे बावन्न-त्रेपन्न टीएमसी दूध ओतायचे कुठे? ते सांडव्यावरून थेट कराडच्या प्रीतिसंगमाकडे निघेल. म्हणून पाणी आधी ७० टीएमसीपर्यंत उतरवावे लागेल, आणि त्याबरोबर वरचे सगळे आकडे एक तृतीयांशाने कमी करावे लागतील. हे मुद्दाम मुलांवर सोडा. मोठी संख्या पाहून दबून न जाता ‘हे मावणार कुठे?’ असे विचारण्याची सवय कोणत्याही सूत्रापेक्षा अधिक दिवस टिकते.

साखरेचे गणित हा सोपा भाग झाला. त्या मुलाचा दुसरा प्रश्न, उकळायला किती वेळ लागेल, हा खरा विज्ञानाचा प्रश्न आहे आणि त्याच्यावर तुम्ही रेंगाळावे असे मला वाटते. (हिशेब सोपा राहावा म्हणून यापुढे दूध बाजूला ठेवून नुसते पाणीच घेऊ.) एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायचे, म्हणजे दर लिटरला ७५ किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटमध्ये सुमारे ८६० किलोकॅलरी असतात. सगळे पाणी धरले तर २६ हजार कोटी युनिट वीज हवी. कोयना जलविद्युत प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. तो दिवसरात्र, एकही संच बंद न ठेवता पूर्ण क्षमतेने चालवला तर वर्षाला सुमारे १,७१७ कोटी युनिट वीज मिळेल. भागाकार करा : पंधरा वर्षे.

पण ही वीज येते कुठून? धरणातल्याच पाण्यातून. शिवसागराचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला नेतात आणि पोफळीच्या वीजगृहात ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येऊन जनित्रे फिरवते. या पडण्यातून मिळणारी सगळी ऊर्जा, थोडीही वाया न घालवता, त्याच पाण्याला तापवण्यासाठी वापरली तर त्याचे तापमान किती वाढेल? एक अंशाहून किंचित जास्त. एवढेच! म्हणजे एक धरण उकळायचे तर तेच धरण सदुसष्ट-अडुसष्ट वेळा भरून रिकामे करावे लागेल.

हा हिशेब पहिल्यांदा मांडणारा माणूसही असाच एक विचित्र प्रश्न घेऊन हिंडत होता. इंग्लंडमधील मँचेस्टरजवळ राहणाऱ्या जेम्स जूल यांनी १८४५ मध्ये लिहिले होते की नायगाराचे पाणी सुमारे १६० फूट खाली पडते, तेव्हा ते तळाशी फॅरनहाइटच्या एक पंचमांश अंशाने अधिक उबदार असले पाहिजे. १८४७ मध्ये लग्नानंतरच्या प्रवासात आल्प्समधल्या एका धबधब्यावर ते तापमान मोजायला निघालेले जूल आपल्याला वाटेत भेटले आणि त्यांच्या हातात लांब तापमापक होता, अशी आठवण विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी नंतर सांगितली आहे. धबधब्याचे पाणी तुषार होऊन फुटत असल्यामुळे ते मोजमाप काही साधले नाही. ऊर्जेच्या एककाला आज त्यांचे नाव आहे. तुमच्या वर्गातल्या मुलाने चहा म्हटले, जूल यांनी धबधबा म्हटले. विचारले दोघांनीही तेच, की इतक्या पाण्याला तापवायला किती लागते.

तरीही ‘पंधरा वर्षे’ हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का आहे हे शोधण्यासारखे सुख विज्ञानाच्या तासाला क्वचित मिळते. शिवसागराचा पृष्ठभाग सुमारे ११५ चौरस किलोमीटरांचा आहे. प्रकल्पाची पूर्ण वीज त्यावर समान वाटली तर दर चौरस मीटरच्या वाट्याला १७ वॉट येतात. जलाशयाची सरासरी खोली २६ मीटर निघते, तेव्हा एक चौरस मीटर तळाचा, २६ मीटर उंच पाण्याचा खांब डोळ्यांपुढे आणा आणि तो १७ वॉटच्या एका तापकाने उकळायचा आहे असे समजा. दरम्यान त्याच पाण्यावर ऊन पडत असते. वर्षाची सरासरी धरली तर आपल्याकडे दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे पाच युनिट सौर ऊर्जा मिळते. संपूर्ण जलाशयावर ती दिवसाला ५७ कोटी युनिटांहून अधिक होते. प्रकल्प दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तरी ४.७ कोटी युनिट वीज देईल. म्हणजे सूर्य रोज त्याच्या बारापट ऊर्जा या पाण्यावर ओततो आहे, पिढ्यान्‌पिढ्या ओततो आहे, आणि पाणी उकळलेले नाही.

कारण पाणी तापू लागले की ते उष्णता बाहेरही टाकू लागते : बाष्पीभवनाने, वाऱ्याने आणि प्रारणाने. उघड्या जलाशयाचा पृष्ठभाग एका अंशाने अधिक तापला की दर चौरस मीटरमागे वीस-तीस वॉट, वारा असेल तर त्याहूनही जास्त उष्णता निघून जाते. आपल्याकडे आहेत १७ वॉट. म्हणून कोयनेची सगळी वीज कोयनेच्या पाण्यात घातली तर ते जेमतेम एखाद्या अंशाने कोमट होईल आणि तिथेच थांबेल, पंधरा वर्षांनीही आणि पंधराशे वर्षांनीही. त्या मुलाला द्यायचे उत्तर हे : धरण कधीच उकळणार नाही, आणि उकळायचेच असेल तर आधी त्याच्यावर झाकण घालावे लागेल. स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण का ठेवतात हे त्याला मग कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येतो. उत्तर येत नाही, म्हणून प्रश्न घेता येत नाही, असे तुम्ही लिहिता. वर जे केले त्यात तुम्हाला आधीपासून ठाऊक नसलेले काय होते? पाणी किती, हे वर्तमानपत्रात येते. कपाला साखर किती, हे प्रत्येक घरात माहीत असते. उष्णतेचे सूत्र तुम्ही दरवर्षी फळ्यावर लिहिता. उत्तर कोठे छापलेले नव्हते हे खरे, पण ते माहीत असलेल्या तुकड्यांतून जोडता येत होते. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी हे या रीतीचे मोठे जाणकार. शिकागोत पियानो सुरात लावणारे कारागीर किती असतील, असे ते विद्यार्थ्यांना विचारत, आणि शहराची लोकसंख्या, किती घरांत पियानो असेल, तो वर्षातून किती वेळा सुरात लावावा लागेल, एका माणसाचे दिवसाचे काम किती, अशा पायऱ्यांनी उत्तरापर्यंत नेत. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी, सुमारे सोळा किलोमीटर दूर उभे असताना, त्यांनी हातातले कागदाचे कपटे खाली सोडले. धक्क्याची लाट येताच ते सुमारे अडीच मीटर सरकले, आणि तेवढ्यावरून त्यांनी स्फोटाची शक्ती दहा हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढी असल्याचा अंदाज केला. प्रत्यक्षातली शक्ती त्याच्या दुपटीच्या थोडी पुढे होती. प्रसंग भयंकर होता, पण अंदाज बांधण्याची रीत पाहण्यासारखी आहे : दुप्पट-निमपट चुकले तरी चालेल, शंभरपट चुकायचे नाही. मुलांना हे स्पष्ट सांगितले की चुकण्याची भीती बरीच ओसरते.

त्यामुळे येत नसलेला प्रश्न आला की ‘मला माहीत नाही’ एवढ्यावर थांबू नका. त्याच्या पुढे ‘आपल्याला काय काय माहीत असायला हवे?’ हे वाक्य जोडा आणि मुले सांगतील तशी यादी फळ्यावर लिहीत जा. हिशेबाला हात घालण्यापूर्वी प्रत्येकाकडून वहीत अंदाज लिहून घ्या, कारण ज्याने स्वतःचा अंदाज मांडला आहे त्यालाच उत्तराची उत्सुकता असते. इंटरनेट तोवर बंद असू द्या. आकडा तपासायला ते हवे, विचार सुरू करायला नको. आणि उत्तर निघाले की दर वेळी एकच विचारा : ‘‘यात आपण काय धरले नाही?’’ आपल्या हिशेबात निसटलेली गोष्ट होती पाण्याची निवण्याची खोड, आणि तिने उत्तर पंधरा वर्षांवरून ‘कधीच नाही’ येथवर नेले. पुस्तकातल्या उदाहरणांत जे धरायचे ते सगळे आधीच दिलेले असते, म्हणून हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. चमत्कारिक प्रश्नाची मला सर्वात मोठी किंमत वाटते ती यासाठी.

हसण्याचे म्हणाल, तर वर्गाने हसावे. तीन कोटी टनांच्या दहापट साखर ऐकून ज्याला हसू येत नाही त्याला तीन कोटी टन म्हणजे किती हे कळलेलेच नसते. मात्र हसू प्रश्नावर असावे, विचारणाऱ्यावर नको, आणि हा फरक शिक्षकाच्या पहिल्या वाक्यावर ठरतो. तुम्ही स्वतः हसून ‘‘बरे, धरण किती टीएमसीचे आहे रे?’’ असे विचारले असते तर तोच वर्ग त्याच हसण्याच्या भरात कामाला लागला असता. अजूनही उशीर झालेला नाही. त्या मुलाला एकटे बोलावून समजूत घालण्यापेक्षा वर्गातच, सगळ्यांसमोर सांगा की याने विचारलेल्या प्रश्नावर आजचा तास आहे. त्याला खाली बसवले होते ते सगळ्यांसमोर, म्हणून उभे करायचे तेही सगळ्यांसमोर. वेगळी माफी मागायची की नाही हे तुमच्या मनावर. माझ्या मते खडू त्याच्या हातात देणे पुरेसे बोलके आहे.

तुमचे सहकारी म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. तास मोडावा म्हणून प्रश्न विचारणारी मुले असतात. त्यावर माझा उपाय साधा आहे : ज्याने प्रश्न विचारला त्याने पहिले तीन आकडे स्वतः आणायचे. वेळ काढू पाहणारा मुलगा तिथेच गप्प होतो, आणि ज्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे तो दुसऱ्या दिवशी आकडे घेऊन दारात उभा असतो. पंधरवड्यातून एक तास यासाठी राखून ठेवा आणि त्या तासाला कोणता धडा पुढे गेला हे दैनंदिनीत नोंदवत जा. अभ्यासक्रमाच्या आक्षेपाला त्याहून चांगले उत्तर नाही.

विहिरीच्या प्रश्नासाठी तर तुम्ही फार योग्य जागी राहता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर या भागातील भूकंपांचा अभ्यास चालू आहे आणि त्यासाठी पाटण तालुक्यात गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विंधनविवर खोदले गेले. वरचा सुमारे सव्वा किलोमीटरचा काळा बेसाल्ट संपल्यावर खाली कितीतरी जुना ग्रॅनाइटी खडक लागला. रशियातील कोला येथील विवर १९८९ मध्ये १२,२६२ मीटरांपर्यंत गेले आणि तिथे तापमान १८० अंश भरले. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर आहे. म्हणजे माणसाने खणलेली सर्वात खोल जागा त्याच्या हजाराव्या भागापर्यंतही जात नाही. तरी विहीर झाली असे समजू. हवा नाही आणि पृथ्वीची घनता सर्वत्र सारखी, असे मानले तर पलीकडे पोहोचायला ४२ मिनिटे लागतात. खरी घनता धरली तर ३८. पण कोयनेचा पृष्ठभाग पृथ्वीच्या फिरण्यामुळे सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे चालला आहे, आणि खोल जावे तसा विहिरीच्या भिंतींचा वेग कमी होत जातो, त्यामुळे उडी मारणारा थोड्याच वेळात पूर्वेच्या भिंतीवर आदळेल. ध्रुवावरून खणलेल्या विहिरीत ही अडचण येत नाही. शिवाय कोयनेच्या बरोबर विरुद्ध टोकाला ईस्टर बेटाच्या उत्तरेस हजारएक किलोमीटरांवर प्रशांत महासागर आहे, तेव्हा विहिरीत सर्वात आधी उडी घेईल ते समुद्राचे पाणी. हे सगळे तिला एकदम सांगू नका. पृथ्वीगोल तिच्या हातात द्या आणि विरुद्ध टोक तिलाच शोधू द्या.

चहाच्या तासानंतरच्या दिवसासाठी एक प्रयोग सुचवतो. सारखेच गरम पाणी एका कपात आणि एका स्टीलच्या बादलीत घ्या, साठ अंशांच्या वर नको, आणि ओतण्याचे काम तुम्हीच करा. दोन्हींत तापमापक ठेवून दर दहा मिनिटांनी मुलांना नोंदी घेऊ द्या आणि आलेख काढायला लावा. कप झपाट्याने निवेल, बादली बराच वेळ गरम राहील, कारण कपातल्या दर लिटरमागे उघडा पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो. मग बादलीवर झाकण ठेवून तोच प्रयोग पुन्हा करा. दोन आलेख शेजारी ठेवले की समजा कोणी धरणभर पाणी उकळून दिलेच, तर ते पिण्याजोगे निवायला किती दिवस लागतील याचा अंदाज मुलांना बांधता येईल. तो त्यांनी काय बांधला आणि त्यात काय धरायचे राहिले, हे मला अवश्य लिहून कळवा.